पावसात उघडी राहिलेली शाळा

आज सकाळी समोरच्या गल्लीतल्या शाळेची घंटा भलत्याच वेळी वाजली. मी खिडकीशी आलो. आषाढ असा कोसळत होता की पलीकडच्या घरांची कौलं दिसत नव्हती. शाळेच्या दारात हेडमास्तर उभे होते. त्यांनी छत्री जराशी कलती करून आभाळाकडं बघितलं, शिपायाला मानेनं खूण केली, आणि शाळा सुटली. एवढंच. कुणाला विचारलं नाही, कुठं लिहिलं नाही. पोरं पाट्या डोक्यावर धरून वडगावच्या वाटेनं ओरडत पळाली आणि गल्ली पुन्हा पावसाची झाली.

मी ज्या खोलीत राहतो तिच्याखाली विणकराचं घर आहे. कांजी दिलेला सुताचा ताणा अशा हवेत वाळत नाही, म्हणून त्यांचा माग आज बंद आहे. शहापुरात माग थांबला की माणसाला स्वतःच्या मनातलं ऐकू यायला लागतं. मला ते फारसं आवडत नाही. मी पत्रकं लिहिणारा माणूस. पत्रकात मागणी असते, निषेध असतो, शेवटी 'जाब द्या' असतं. त्यात एकट्या माणसाला जागा नसते. पण त्या घंटेनं मला एका पावसाळ्यात नेऊन बसवलं आहे, आणि तो पावसाळा पत्रकात बसत नाही. चार वेळा बसवून बघितला.

मी निपाणीकडचा. आमच्याकडं पाऊस येतो तो पाहुण्यासारखा. येतो, टेकतो, तंबाखूची रोपं जगण्यापुरतं पाणी टाकतो आणि जातो. व्हर्नाक्युलर फायनल पास झालो त्या वर्षी जिल्ह्याच्या शाळा-बोर्डानं मला बेळगुंदीच्याही पुढं, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका वाडीत बदली मास्तर म्हणून धाडलं. कायमचे मास्तर आजारी रजेवर गेले होते. वाडीचं नाव लिहीत नाही. तिथली बरीच माणसं अजून तिथंच आहेत आणि ज्या साहेबांची गोष्ट पुढं येणार आहे तेही अजून खुर्चीवर आहेत.

वाडीच्या मधून ओढा वाहतो. बेळगुंदीची वाट, पाटलाचं घर आणि बहुतेक वस्ती ओढ्याच्या अल्याड. शाळा पल्याड, कारण मारुतीचं देऊळ पल्याड, आणि देऊळ हीच शाळा. पल्याड देवळाशेजारी चार घरं. त्यातल्या एकात, कल्लाप्पा आप्पांच्या घरी, मी राहायला. ओढ्यावर दोन ओंडके टाकून केलेला साकव होता. ज्येष्ठ सरता सरता एका सकाळी दोन्हीकडची माणसं जमली आणि तो साकव उचलून देवळामागं नेऊन ठेवला.

मी विचारलं, "आप्पा, हे काय करताय? मुलं येणार कशी?"

"येणार न्हाईत," आप्पा म्हणाले. "न्हाय काढला तर ओढा न्हेतोय. मग दिवाळीला बी साकव न्हाय. आता श्रावण सरंपतोर ती त्येंच्याकडं आनि आमी आमच्याकडं."

"मग शाळा?"

"शाळेचं तुमी बगा. साकवाचं आमी बगतो."

रीत जुनी होती आणि शहाणपणाची होती. वाडीनं पावसाशी कधीच करार करून ठेवला होता: तुझे महिने तुझे. त्या करारात फक्त बोर्ड नव्हतं. आमच्या जिल्ह्याचं एक टोक सह्याद्रीत भिजतं आणि दुसरं टोक आषाढातही आभाळाकडं बघत बसतं. पण सुट्ट्यांचा तक्ता सगळ्यांना एकच. उन्हाळ्याची सुट्टी चैत्र-वैशाखात, तेव्हा या वाडीतली मुलं रिकामी हिंडतात. आषाढात सुट्टी नाही, तेव्हा त्यांना शाळेत यायला वाट नाही. हा तक्ता करणाऱ्यानं एक आषाढ तरी इथं काढला असेल का, हे मी तेव्हा विचारत होतो. अजून विचारतो आहे.

मास्तरला शाळा बंद करायचा अधिकार नव्हता. मुलं येवोत न येवोत, शाळा उघडायची, हजेरी मोठ्यानं पुकारायची आणि वेळ भरेपर्यंत बसायचं. मी बसलो. देवळाच्या मंडपात एका खांबाला फळा टेकवलेला. भिंतींना घाम आल्यासारखं पाणी सुटलेलं. खडू ओढला तर अक्षर उमटायचं नाही, नुसता ओला ओरखडा यायचा. मारुतीच्या शेंदराला बारीक पांढरी बुरशी धरली होती. दोन गाई आणि एक वासरू पावसाला कंटाळून आत येऊन उभी राहायची आणि त्यांच्या श्वासानं तेवढ्या कोपऱ्यात ऊब यायची. पुढं पुढं मी खुर्ची त्या कोपऱ्यात नेली.

विद्यार्थी एकच. सुभी. तिचं घर देवळाला लागून. इरल्याखाली वाकून ती यायची, इरलं खांबाशी उभं करायची आणि माझ्यासमोर इतकी नीट बसायची की जणू सगळा वर्ग भरला आहे. वाचायची छान, जरा हेल काढून. पण लावणी सुरू झाली की तिची आई बांधावरनं हाक मारायची, "सुभे, रोपं द्यायला ये गं," आणि ती माझ्याकडं बघायची. मी मान हलवायचो. मग देवळात मी, गाई आणि मारुती.

तरी हजेरी पुकारायचोच. नियम आहे तर नियम, अशी माझी तेव्हाची जिद्द. रिकाम्या मंडपात एकेक नाव घ्यायचं, थांबायचं, पुढचं घ्यायचं. थांबल्यावर ओढ्याचा आवाज यायचा. माणसाचं नाव घेतलं आणि उत्तरादाखल पाणी वाजलं, की पुढचं नाव घ्यायला छातीत जोर लागतो. निपाणीत आमच्या घरी आठ-दहा माणसं एका वेळी बोलतात आणि कुणीच ऐकत नाही. त्या गोंगाटाला मी लहानपणापासून वैतागलेला. त्या देवळात मला तो आठवायचा.

एकदा पावसानं जरा दम घेतला होता. मी नाव पुकारलं, "यल्लाप्पा," आणि समोरून आवाज आला, "हजर."

मी उठून पायरीवर आलो. अल्याडच्या काठावर पोरं उभी होती. गोणत्याच्या खोळी डोक्यावर घेतलेली, नडग्यांपर्यंत चिखल. मी दुसरं नाव घेतलं. "हजर, मास्तर." तिसरं घेतलं. एक धाकटा ओरडला, "आनि मी बी हाय, माजं नाव तुमी खाली लिवलंय, आदी घ्या." सगळी हसली. ओढा मधून गढूळ, फुगलेला, झाडांच्या फांद्या घेऊन चालला होता. मग मी तिथूनच अपूर्णांकांचे पाढे सुरू केले. मी पायरीवरनं 'पावकी' म्हटलं की पलीकडून अख्खी पावकी यायची, थोडी पाण्यात बुडालेली, थोडी वाऱ्यानं वाकडी झालेली, पण यायची. निमकी झाली, दिडकी झाली. पुन्हा सर आली आणि पोरं दिसेनाशी झाली. त्यांचा आवाज मात्र थोडा वेळ येत राहिला.

त्यानंतर उघडीप मिळेल तेव्हा आमची शाळा अशी भरायची. इतकी वर्षं झाली, त्याहून चांगली शाळा मी बघितलेली नाही. पण मला विचारा, ती मुलं हजर होती की गैरहजर? मला दिसत होती, ऐकू येत होती, पाढे म्हणत होती. नियम म्हणतो, शाळेच्या जागेत नसलेलं मूल गैरहजर. मी गैरहजर लिहिलं.

आप्पांना ते पटलं नव्हतं. "घाला की समद्यांस्नी हजर. पलीकडल्या गावचा मास्तर घालतोय. त्याची शाळा पुरात बी भरल्याली असती."

"ते खोटं आहे, आप्पा."

"पाऊस तरी कुटं खरं बोलाय लागलाय," आप्पा म्हणाले आणि तंबाखू मळत बसले.

यात नुसत्या माझ्या खरेपणाचा प्रश्न नव्हता. बोर्डाचा दुसरा नियम असा की सहामाहीची सरासरी हजेरी ठरल्यापेक्षा खाली गेली तर शाळा उठवायची. पावसासाठी शाळा रीतसर बंद झाली तर ते दिवस सरासरीत धरत नाहीत. बंद झाली नाही तर धरतात. म्हणजे शाळा वाचवायची असेल तर ती बंद करायला परवानगी हवी, आणि परवानगी बेळगावात. मी कळवलं. कागद बेळगुंदीच्या बाजाराला जाणाऱ्या माणसाबरोबर जाणार, आणि माणूस ओढ्याचं पाणी उतरल्यावर जाणार. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की अतिवृष्टीबद्दल गावच्या पाटलाचा दाखला जोडावा. पाटील ओढ्यापलीकडं. मी काठावर उभा राहून पाटलांना ओरडून सांगितलं की पाऊस पडतो आहे असं लिहून द्या. ते पलीकडून ओरडले, "लिवून देतो, पर धाडू कसा?" आम्ही दोघंही हसलो. मी नंतर आत येऊन बसलो तेव्हा हसू राहिलं नव्हतं.

आम्ही जैन. घरी दिवा लागायच्या आत जेवणं उरकतात. निपाणीत ते सोपं, सूर्य दिसतो. इथं कित्येक दिवस सूर्यच नव्हता. सकाळचा उजेड आणि संध्याकाळचा उजेड एकाच भिजल्या धोतराच्या रंगाचे. जेवायची वेळ कधी संपली हे मला कळेना. आप्पांची बायको, आक्का, माझी ताटली आधीच वेगळी काढायची, कांदा न घातलेली भाजी आणि भाकरी. एकदा तिनं माझी पंचाईत ओळखली. तेव्हापासून ती दारातनं सांगायची, "मास्तर, कोंबड्या आत गेल्या. जेवून घ्या." कोंबड्यांना बरोबर कळायचं. अख्ख्या वाडीत माझ्या दिवसाचा शेवट सांगणारी तेवढीच माणसं होती: आक्का आणि तिच्या कोंबड्या. मी एकटा जेवायचो, कारण घरच्यांची जेवणाची वेळ अजून लांब असायची. ती चुलीशी बसून विचारायची, "आई हाय न्हवं तुमची? तिला कळवा, पोरगं जेवतंय म्हनून." मी बरं म्हणायचो. कळवायचं कुणाबरोबर?

मधे कधीतरी ओढा जरा उतरला आणि पाटलाच्या दाखल्यासह माझा अर्ज शेवटी पोचला असावा, कारण एके दिवशी पलीकडनं हाळी आली की साहेब येणार आहेत. तपासणीचे साहेब. वाडीत त्यांना सगळे दिप्टी म्हणत. माझा आनंद काय सांगू. मी आप्पांना म्हटलं, आता ते स्वतः ओढा बघतील, परवानगी हातावर देऊन जातील. शाळा वाचली.

आप्पांनाही आनंद झाला होता, पण वेगळाच. वाडीत आजवर साहेब आलेला नव्हता. लावणी टाकून माणसं गोळा झाली. आप्पांनी घरातली बाज बाहेर काढली.

"बाज कशाला?"

"साहेबास्नी आनायला."

"येऊ देत की चालत. कंबरेला पाणी लागलं की कळेल त्यांना."

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी गाईला लाथ मारली होती. "मास्तर, दारात आलेल्या मानसाला भिजवून गाऱ्हानं सांगायचं व्हय?"

"तुमचंच गाऱ्हाणं आहे ते."

"हाय की. पर त्ये बसवून सांगायचं असतंय. आदी कोरडं ठेवायचं, दूध पाजायचं, मग सांगायचं. निपानीत काय करता तुमी?"

मी बोललो असतो तरी कुणी ऐकलं नसतं. पाहुण्याला पाणी लागू द्यायचं नाही हे त्या माणसांच्या हाडात होतं.

वरच्या अंगाला झाडाला बांधलेला दोर धरून माणसं पाण्यात उतरली. आप्पांचा मुलगा नागोजी सगळ्यांत पुढं. पलीकडं साहेब बाजेवर बसले, उघडी छत्री, बूट, मोजे. चौघांनी बाज खांद्यावर घेतली. मधल्या धारेत पाणी त्यांच्या छातीला लागलं. नागोजीचा पाय दगडावरनं सरकला, बाज कलली, आणि चौघांनी ती तशीच डोक्याच्या वर उचलून धरली. मी काठावरनं ओरडत होतो, काय ते मलाही आठवत नाही. साहेबांच्या एका हातात छत्री होती, दुसऱ्यानं बाजेची कड घट्ट धरली होती, आणि त्यांचे डोळे मिटलेले होते. हे मी नीट बघितलं आहे. ओढा त्यांनी बघितलाच नाही.

काठावर उतरले तेव्हा त्यांच्या बुटावर थेंब नव्हता. नागोजीचा गुडघा फुटला होता. तो हसून म्हणाला, "साहेब लई हलकं हाईत. भाताच्या पोत्यापरास."

साहेबही हसले. वाईट माणूस नव्हते. दूध प्यायले, सुभीला वाचायला सांगितलं. ती आपला हेल काढून वाचत राहिली आणि साहेब मान डोलावत राहिले. "छान वाचतेस. रोज येतेस का?" ती म्हणाली, "व्हय." साहेब माझ्याकडं वळले. "बघा. ज्याला यायचं असतं तो येतो."

मी म्हटलं, "साहेब, हिचं घर ते बघा, देवळाला लागून. बाकीची मुलं ओढ्यापलीकडं आहेत."

"ओढा तर मीही ओलांडला," साहेब म्हणाले. मग आप्पांना विचारलं, "काय हो, मला आणलंत तसं मुलांना रोज का आणत नाही?"

आप्पांना ती थट्टा वाटली. साहेब आपल्याशी थट्टा करतो याचा त्यांना मान वाटला. हात जोडून, मोकळं हसून ते म्हणाले, "पोरं काय साहेब हाईत व्हय?"

सगळी वाडी हसली. साहेबांनी लिहायला घेतलं.

मी बोललो. चार जवान माणसं लावणी सोडून एका साहेबासाठी जीव धोक्यात घालून आली, ती रोज सगळ्या पोरांसाठी कुठून येतील, हे बोललो. दोराशिवाय तीही वाहून गेली असती, हे बोललो. साहेबांनी लिहिणं थांबवलं नाही. "तुम्ही तरुण आहात," ते म्हणाले. "निपाणीकडचे ना? तिकडचे फार बोलतात." शेऱ्यात आलं ते असं: ओढा गावकऱ्यांच्या मदतीनं ओलांडता येतो, पालकांना मुलांच्या शिक्षणाची कळकळ नाही, शाळा बंद ठेवण्यास कारण दिसत नाही. मग त्याच बाजेवरून ते परत गेले. पोचवून आल्यावर आप्पांनी मला विचारलं, "काय म्हनाले? बंद करायला दिली का?"

मी सांगितलं. आप्पा ओल्या धोतराचा सोगा पिळत होते. ते पिळतच राहिले.

श्रावण सरला. साकव पुन्हा टाकला. पोरं आली, सगळी आली, रोज आली, भात गुडघ्याचं कमरेला आलं आणि पिवळं पडायला लागलं. शाळा उठवल्याचा हुकूम आला तेव्हा आश्विनातलं लख्ख ऊन मंडपात आलं होतं आणि बसायला जागा नव्हती. वाडीच्या मुलांनी बेळगुंदीच्या शाळेत जावं, असं त्यात होतं. बेळगुंदीची वाट पावसाळ्यात असते का, ते त्यात नव्हतं.

मी मुलांना सांगितलं. एकानं विचारलं, "सुट्टी व्हय? किती दिस?" सुभी पाटी पुसत होती. दारात उभ्या आप्पांनी माझ्याऐवजी उत्तर दिलं. म्हणाले, "आता पाऊस पडला तर कुनाला इचारायला नगो."

लोक मला म्हणतात, तुझ्या खरेपणानं शाळा गेली. म्हणोत. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या शाळेला जगण्यासाठी खोटं बोलावं लागतं तिचा गुन्हेगार मास्तर नाही. हे मी गेली काही वर्षं छापतो आहे. डोंगराकडच्या शाळांना आषाढात सुट्टी द्या, ती उन्हाळ्यातून कापून घ्या. शाळा बंद करायचा अधिकार त्या गावच्या मास्तरला आणि गावाला द्या, बेळगावच्या टेबलाला नको. सभेत हे बोललो की चळवळीतली आमचीच माणसं माझा सदरा ओढतात. "अरे, स्वातंत्र्य दारात उभं आहे आणि तू वाडीतल्या पावसाळी सुट्टीचं काय घेऊन बसलास?" मी म्हणतो, दारातून आत आल्यावर ते कुठं बसणार आहे? शाळा तर उठली. मग ते दुसऱ्या वक्त्याचं नाव पुकारतात.

गेल्या पावसाळ्यात पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी वाडीत गेलो होतो. भाद्रपद होता, साकव नुकता टाकलेला. देवळात भाताची पोती आणि नांगर ठेवले होते. सुभीला खानापूरकडं दिली असं कळलं. यल्लाप्पा बेळगावात हमाली करतो. आप्पा थकले होते, पण ओळखलं. त्यांनी पत्रक दोन्ही हातांनी घेतलं, उलटं धरून बघितलं, सुलटं धरून बघितलं आणि मला परत दिलं. "वाचा."

मी वाचलं. गर्दी नसताना, टाळ्या नसताना, आपलं पत्रक आपल्याच आवाजात मी पहिल्यांदा ऐकत होतो. त्यातले 'तीव्र निषेध' आणि 'जाहीर सवाल' त्या पडवीत फार मोठ्या मापाचे वाटले. आप्पा शेवटपर्यंत मान हलवत होते.

"झालं?"

"झालं."

"चांगलं लिवलंयसा. पर ह्यातलं आमास्नी नवं काय हाय? पाऊस आमचा, ओढा आमचा, पोरं बी आमचीच. ज्याला म्हाईत न्हाय त्याला दावा की."

"दाखवलंय, आप्पा. बोर्डात प्रत्येकाला पाठवलंय."

"मग?"

"काही उत्तर नाही."

बाहेर बारीक सर सुरू झाली. आप्पांनी भिंतीला टेकलेली पाठ सरळ केली आणि माझ्या हातातल्या कागदाकडं बोट केलं.

"पुन्यांदा वाचा," ते म्हणाले. "म्हातारी चुलीपाशी हाय. तिनं ऐकलं न्हाय."

मी पहिल्यापासून वाचायला घेतलं, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.